फ्लॅटमध्ये वर्षाची बेगमी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये मार्च लागला की जुन्या ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "गहू भरला का?" आमच्या घरी हा प्रश्न आईला विचारला जात असे. तिचे माहेर निफाड तालुक्यातले. वर्षाचे धान्य, वाळवण, कांदा आणि मसाला या सगळ्यांचे वेळापत्रक तिच्या डोक्यात पक्के होते आणि आम्हाला फक्त गोणी उचलण्यापुरते बोलावले जाई. पुढे तिचे गुडघे तिला गच्चीचा जिना चढू देईनात आणि ते काम माझ्याकडे आले. पहिल्या वर्षी मी क्विंटलभर गहू टेम्पोतून उतरवून तसाच कोठीत ओतला, वर कडुलिंबाचा पाला टाकला आणि झाकण लावले. गणपतीच्या सुमारास झाकण उघडले तेव्हा गव्हाच्या वरच्या थरावर टोके चालत होते. आईने चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि एवढेच म्हणाली, "वाळवला नव्हतास ना?"

त्या एका वाक्यात बहुतेक सगळे शास्त्र आले आहे. गहू असो, कुरडई असो, कांदा असो की मिरची, बेगमी म्हणजे ओलाव्याचा बंदोबस्त. नाशिकचे एप्रिलमधले कोरडे ऊन हे आपले यंत्र आहे आणि जूनमधला पाऊस ही त्याची मुदत आहे. पुढे लिहिलेली प्रत्येक पायरी या दोन गोष्टींभोवती फिरते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. यातून मोठी रक्कम वाचते, अशी अपेक्षा ठेवून हे काम हाती घेऊ नका. दोघेही नोकरी करत असाल, तर सुट्टीचे दिवस आणि वाहतूक धरून काही वर्षी हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो. संपूर्ण स्वावलंबन हीसुद्धा तशी कल्पनाच आहे. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली तेव्हा आमची कोठी नुकतीच भरलेली होती आणि त्यामुळे मन शांत होते, हे खरे. पण दळण घेऊन गिरणीसमोर आखलेल्या चौकोनात उभे राहावेच लागले. मग मिळते काय? आपण काय खातो आहोत हे हाताला, दाताला आणि कानाला कळू लागते. दुकानदार "एकदम कोरडा माल आहे" असे सांगतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तुम्ही स्वतः ठरवू शकता.

१. आधी गरज मोजा

खरेदीला निघण्यापूर्वी एक महिना वही ठेवा. दर आठवड्याला किती कणीक लागली, किती कांदा लागला, एवढेच लिहा. एक किलो कणकेच्या साधारण ३० ते ३५ पोळ्या होतात. चौघांच्या घरात दोन्ही वेळा पोळी होत असेल, तर वर्षाला दीड ते दोन क्विंटल गहू लागतो. ज्या घरात रात्री भात किंवा भाकरी असते, तिथे हा आकडा बराच खाली येतो.

पहिल्या वर्षी मात्र ५० किलोच्या वर जाऊ नका. क्विंटलभर वाळवणे म्हणजे क्विंटलभर वर नेणे, पसरणे, हलवणे आणि खाली आणणे, हे गणित मला पाठ दुखायला लागल्यावर सुचले.

२. साधने आणि एकच कागद

आवश्यक साधने अशी आहेत:

- पत्र्याची किंवा स्टीलची घट्ट झाकणाची कोठी. १०० लिटरच्या कोठीत साधारण ७५ किलो गहू मावतो. जुन्या वाड्यांत भिंतीतले बळद असे, खेड्यात कणगी असे. फ्लॅटमध्ये मात्र कोठीला पर्याय नाही.
- कोठीखाली ठेवायला लाकडी फळी किंवा पाट.
- गव्हाची चाळणी आणि सूप.
- दोन जुन्या सुती साड्या किंवा धोतरे आणि एक जाड प्लास्टिकचा कागद.
- सोऱ्या. भांडी बाजारात पितळी सोऱ्या मिळतो. तो महाग पडतो, पण कुरडईच्या गरम चिकाला, म्हणजे भिजवलेल्या गव्हाच्या शिजवलेल्या सत्त्वाला, दाब द्यायला हलका सोऱ्या पुरत नाही. घरात कोणाकडे जुना पडून आहे का, हे आधी विचारा.
- बांबूची टोपली किंवा जाळीच्या पिशव्या, कांद्यासाठी.
- काचेची एक कोरडी बरणी आणि कोरडे मीठ. याचा उपयोग पुढे सांगतो.

कागद एकच लागतो, तो म्हणजे गच्ची वापरण्यासाठी सोसायटीच्या सचिवांना दिलेला अर्ज. हसू नका. तोंडी परवानगीवर मी एकदा कुरडया घातल्या आणि दुपारी टाकी धुणाऱ्याने गच्चीवर पाणी सोडले. अर्जात तारखा आणि वेळ लिहा, किल्ली कोणाकडे असेल ते लिहा आणि टाकी धुण्याचा दिवस विचारून घ्या.

३. गहू निवडणे

नाशिक जिल्ह्यात गव्हाची कापणी साधारण फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होते. निफाडजवळ कुंदेवाडी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या वाणांना त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी आपल्याकडचीच नावे आहेत. बाजारात मात्र लोकवन आणि सरबती ही नावे जास्त ऐकू येतील. कोणता घ्यावा यावर घराघरांत वाद आहेत. माझा सल्ला असा की आधी पाच किलो आणून दळून पोळ्या करून पाहाव्यात आणि मग त्याच ठिकाणाहून उरलेला घ्यावा.

निफाड, सिन्नर किंवा दिंडोरी भागात शेतकरी ओळखीचा असेल, तर थेट त्याच्याकडून घ्या. दुकानातून घेत असाल, तर गोणीच्या तोंडाशी असलेला गहू पाहून ठरवू नका. हात कोपरापर्यंत आत घाला आणि तळातली मूठ काढा. दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसले, तर ती गोणी तिथेच सोडा. त्या छिद्रातून किडा बाहेर पडून गेलेला असतो आणि बाकीच्या दाण्यांत त्याची पुढची पिढी असण्याची शक्यता मोठी असते.

४. वाळवणे आणि भरणे

सर्वांत जास्त चुका याच पायरीवर होतात, म्हणून इथे थोडे थांबतो.

टोका, ज्याला सोंड्या किडा असेही म्हणतात, आपली अंडी दाण्याच्या आत घालतो आणि वरून छिद्र बुजवून टाकतो. त्यामुळे दिसायला स्वच्छ असलेल्या गव्हातही तो असू शकतो. उबदार हवेत अंड्यापासून नवा किडा बाहेर पडायला सुमारे एक महिना लागतो, म्हणजे मार्चमध्ये आलेली चार-दोन अंडी पावसाळ्यापर्यंत घराणे उभे करतात. मात्र दाण्यातला ओलावा १० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आला, की त्याची वाढ जवळजवळ थांबते. आपल्याला गाठायचा आहे तो हा टप्पा.

गहू आधी चाळून घ्या, कारण काडीकचरा आणि फुटके दाणे किडीला सर्वांत आधी बोलावतात. मग सकाळी नऊच्या सुमारास साडीवर दोन बोटांपेक्षा जाड नाही असा थर पसरा, तासाभराने पायाने किंवा हाताने सऱ्या पाडून उलटा-पालटा करा आणि ऊन उतरण्यापूर्वी गोळा करा. कडक उन्हात दोन ते तीन दिवस पुरतात. रात्री गहू गच्चीवर ठेवू नका. दिवसभर घालवलेला ओलावा तो पहाटेच्या हवेतून परत ओढून घेतो. कबुतरांसाठी कोणीतरी बसवावे लागते. आमच्याकडे ते काम आईने खुर्ची टाकून स्वतःकडे घेतले आहे, आता गच्ची असलेल्या मजल्यावरच राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या दारातून.

वाळला की नाही हे पाहण्याच्या दोन पद्धती आहेत. दाणा दाताखाली धरून चावा. 'कट्' असा आवाज होऊन त्याचे दोन तुकडे झाले पाहिजेत. तो चेपला किंवा चिकट लागला, तर अजून एक दिवस ऊन द्या. दातावर भरवसा नसेल, तर कोरड्या बरणीत मूठभर गहू आणि चमचाभर कोरडे मीठ घालून काही मिनिटे हलवा. मीठ काचेला चिकटले, तर गहू चांगलाच ओला आहे. मीठ चिकटले नाही, म्हणजे तो पूर्ण वाळला असे मात्र समजू नका. बरणी फक्त जास्त ओलावा पकडते, शेवटचा निर्णय दातानेच करावा लागतो.

आता सर्वांत मोठा सापळा. उन्हातून आणलेला गरम गहू लगेच कोठीत भरू नका. गरम धान्य बंद डब्यात थंड होताना आतल्या पत्र्यावर बाष्प धरते आणि तुम्ही तीन दिवसांत घालवलेले पाणी एका रात्रीत परत येते. गहू घरात चादरीवर पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरा.

भरताना एरंडेल चोळण्याची पद्धत चांगली आहे. ५० किलोला पाव लिटर हे प्रमाण आम्ही ठेवतो. तळहाताला थोडे थोडे घेऊन पाच-पाच किलोच्या ढिगाला चोळा, दाण्यावर फक्त चकाकी आली पाहिजे. प्रमाण वाढले, तर गिरणीवाला तुमचा डबा उघडताच कपाळावर आठ्या घालेल, कारण तेलकट गव्हाने जात्याचे दगड धरतात. कडुलिंबाचा पाला वापरायचा असेल, तर तो सावलीत चुरचुरीत वाळवलेला हवा. मी पहिल्या वर्षी झाडावरून तोडलेला ताजा पाला घातला होता, म्हणजे कीड जावी म्हणून ओलावा आत पाठवला होता.

कोठी काठोकाठ भरा. वर जितकी मोकळी जागा, तितकी किड्याला हवा. कोठी भिंतीपासून चार बोटे दूर आणि फळीवर ठेवा.

ज्या गोष्टी करू नयेत, त्याही सांगतो. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या गोदामासाठी आणि प्रशिक्षित माणसासाठी आहेत. ओलाव्याशी संबंध येताच त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो आणि बंद घरात तो जीव घेतो. कोणी कितीही आपुलकीने दिल्या, तरी घरात आणू नका. पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडर ही किराणा दुकानात सहज मिळते म्हणून निरुपद्रवी समजली जाते. धान्य आपण खाणार आहोत, एवढे लक्षात ठेवले तर या दोन्हींची गरज उरत नाही.

डाळी आणि कडधान्ये थोडी असतील, तर ऊन देण्याऐवजी घट्ट पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग डब्यात भरा. आजीच्या काळात हे नव्हते, पण असते तर तिनेही हेच केले असते.

५. कुरडई: पहिल्यांदा एकच किलो

वाळवणाचे प्रकार पुष्कळ आहेत. पेठ-सुरगाण्याकडच्या नागलीचे पापड, कळवण-बागलाणकडच्या ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड, बटाट्याचा कीस. तरीही नवख्याने कुरडईच करून पाहावी असे मला वाटते, कारण तिच्यात धान्य भिजवणे, सत्त्व काढणे, शिजवणे आणि वाळवणे या चारही गोष्टी शिकायला मिळतात.

सुरुवात आकाश पाहून करा. गहू भिजवल्यापासून कुरडई डब्यात जाईपर्यंत सहा ते सात दिवस लागतात, म्हणून आठवडाभराचा हवामानाचा अंदाज पाहिल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. द्राक्षबागायतदार ज्या अवकाळीच्या भीतीने मार्च-एप्रिलमध्ये आभाळाकडे पाहत असतो, त्याच भीतीने आपणही पाहायचे.

गहू तीन दिवस भिजवा आणि पाणी रोज बदला. तिसऱ्या दिवशी दाणा बोटांत चिरडला की पांढरा चीक बाहेर आला पाहिजे. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटा, सुती कापडातून पिळून चोथा वेगळा करा आणि पातेले रात्रभर हलवू नका. सकाळी वर तांबूस पाणी आणि तळाशी घट्ट पांढरा चीक दिसेल. पाणी अलगद ओतून टाका. पातेले घाईने कलते केले तर चीकही त्याबरोबर जातो.

चीक वाटीने मोजा आणि तितकेच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला ठेवा. पाण्यात मीठ आणि हिंग घाला. मीठ हात राखून घाला, कारण वाळल्यावर कुरडई आक्रसते, पण मीठ तेवढेच राहते. उकळी फुटली की एकाने चीक बारीक धारेने ओतायचा आणि दुसऱ्याने न थांबता ढवळायचे. हे एकट्याने होत नाही. मी प्रयत्न केला आहे आणि गुठळ्या खाल्ल्या आहेत. मग मंद आचेवर झाकण ठेवून वाफ द्या. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा चकाकू लागला आणि पाण्यात बुडवलेले बोट लावल्यावर चिकटेनासा झाला, की शिजला. कच्चा राहिलेला चीक सोऱ्यातून छान पडतो, पण वाळल्यावर कुरडईचा भुगा होतो, आणि हे तीन दिवसांनी कळते.

चीक गरम असतानाच कुरडया घाला, म्हणून सगळी तयारी सकाळी सातपर्यंत झालेली असावी. प्लास्टिकच्या कागदावर घातल्या, तर दुसऱ्या दिवशी उलटवा. साडीवर घातल्या आणि चिकटल्या, तर साडीच्या मागून पाण्याचा हबका मारला की सुटतात. दोन-तीन उन्हांनंतर एक मोडून पाहा. इथेही तोच 'कट्' आवाज ऐकायचा आहे. घरातल्या मुलांसाठी वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून बाजूला काढायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वर्षी कबुतरे हाकायला कोणी येत नाही.

६. कांदा

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या जिल्ह्यात राहून पावसाळ्यात किलोकिलोने कांदा आणणे मला थोडे लाजिरवाणे वाटते. पण साठवायचा तो उन्हाळ कांदाच, एप्रिल-मेमध्ये निघणारा. हिवाळ्यातला लाल कांदा कितीही सुंदर दिसला, तरी तो टिकत नाही. स्वस्त मिळाला म्हणून गोणीभर घेणे हा नवख्यांचा नेहमीचा फसवणुकीचा मार्ग आहे, आणि फसवणारे आपणच असतो.

मध्यम आकाराचा, बारीक मानेचा आणि वरची पत्ती सुटसुटीत वाळलेला कांदा घ्या. जाड मान, जोड कांदा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेला कांदा) आणि मार लागलेला कांदा वेगळा काढून आधी वापरा. घरी आणल्यावर सावलीत आठ-दहा दिवस पसरून ठेवा. शेतकऱ्याच्या कांदाचाळीत जमिनीपासून उंच फळ्या आणि चारही बाजूंनी वारा असतो. बाल्कनीत तेच छोट्या प्रमाणावर करायचे. बांबूची टोपली विटांवर ठेवा किंवा जाळीच्या पिशव्या टांगा. प्लास्टिकची पिशवी नको, बंद कपाट नको आणि बटाट्यांचा शेजार नको. दर आठवड्याला चाळवून मऊ पडलेला कांदा बाहेर काढा. काही घट होणारच, तिचे वाईट वाटून घेऊ नका.

७. मिरची आणि काळा मसाला

याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे असते आणि ते आई, सासू किंवा आत्या यांच्याकडूनच घ्यावे. देठ काढलेली मिरची वाळवून ती वाजली पाहिजे. कांदा आणि खोबरे भाजताना पाण्याचा अंश राहिला, तर पावसाळ्यात मसाल्याला जाळी धरते. डंकावर कुटून आणलेला मसाला गरम असतो. गव्हाचाच नियम इथेही लागू होतो, तो परातीत गार करून मग बरणीत दाबून भरा. एप्रिल-मेमध्ये डंकावर गर्दी असते, म्हणून आदल्या दिवशी नंबर लावून या.

८. मृगापूर्वी आणि नंतर

मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते. त्याआधी प्रत्येक डबा बंद झालेला आणि त्यावर वस्तूचे नाव व भरल्याची तारीख चिकटवलेली असली पाहिजे. पावसाळ्यात कोठी उघडायची ती उघडीप असलेल्या दुपारी, कोरड्या हाताने आणि एकदम पंधरा दिवसांचे दळण काढण्यासाठी. रोज वाटीभर काढत बसू नका.

तरीही टोके दिसले, तर घाबरून सगळा गहू टाकू नका. तेवढा चाळून घ्या, ऊन मिळेल त्या दिवशी पसरा आणि तो भाग आधी दळा. आश्विनातल्या उन्हाचा तडाखा ही आपल्याला मिळणारी दुसरी संधी असते. त्या दिवसांत उरलेला गहू एकदा गच्चीवर नेऊन पुन्हा गार करून भरा आणि भरण्यापूर्वी त्याचे वजन वहीत लिहून ठेवा, कारण पुढच्या मार्चमध्ये किती गोणी सांगायच्या, हे त्याच आकड्यावरून ठरवायचे आहे.